कोरड्या तळ्यातली सायकल

बहात्तरच्या दुष्काळात मला शाळेत पोचायला रोज उशीर व्हायचा आणि हेडमास्तर शिक्षकांच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढं लाल शाईनं फुली मारायचे. आधी नुसती फुली होती. मग फुलीभोवती गोल आला. पुढं पुढं ते गोल इतक्या निगुतीनं काढायला लागले, की मी वेळेवर आले असते तर त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं असतं.

आमचं गाव बेंबळीच्या अलीकडं. शाळा तिथून दोन कोसांवर. शाळेच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. माझ्या वर्गातली पोरं आता आजोबा झाली असतील, त्यांना कशाला त्रास. नोकरी लागली तेव्हा तिथंच राहावं म्हणून मी तीन घरी खोली बघितली. तिन्ही ठिकाणी बोलणं सुरू होताना खोली रिकामी असायची. मग आडनाव विचारलं जायचं. आडनाव सांगितलं की त्या खोलीत एकदम धान्याची पोती भरलेली निघायची. त्या साली सगळ्या गावात धुंडून चार पोती जोंधळा सापडला नसता, लोक रेशनचा मिलो, ती अमेरिकेची लाल ज्वारी, खात होते, पण मला दाखवायच्या प्रत्येक खोलीत धान्य मावत नव्हतं. छप्पन साली आमच्या घरानं धर्म बदलला, देव सोडले. लोकांनी मात्र आमची जात सोडली नव्हती.

म्हणून मी घरूनच जायचं ठरवलं. सकाळी एक एसटी होती. पण दुष्काळी काम म्हणून सरकारनं नेमका तोच रस्ता करायला काढला, जागोजागी मुरमाचे ढीग पडले आणि एसटी बंद झाली. मग पायांवर भिस्त. बरं, चालायला लागायच्या आधी पाणी. गावाच्या विहिरीत तळाला चिखल होता. टँकर कधी सातला यायचा, कधी नऊला, कधी यायचाच नाही. दोन घागरी घरात ठेवल्याशिवाय मला निघता येत नव्हतं, कारण घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा सोलापूरला गिरणीत बदली कामगार, दोन-तीन महिन्यांतून एकदा यायचा. आत्या त्याच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या, दिवस उगवायच्या आत.

गावात त्या दिवसांत जो तो एकच वाक्य बोलायचा, 'लई वाईट दिवस आले.' आत्यांना ते वाक्य सहन व्हायचं नाही. ओट्यावर बसून कुणी तसं म्हटलं की त्या ताडकन म्हणायच्या, "दिवसाला काय धाड भरली? रोज उगवतुय, रोज मावळतुय. पाऊस आला न्हाय, तेवढंच म्हणा." शेजारची एखादी रडायला आली तर तिच्यापुढं मिलोचं सूप सरकवायच्या. "रड की, न्हाय कोण म्हणतंय? पर खडं येच."

आत्या आनंदी वगैरे होत्या असं कुणी समजू नये. त्या भांडखोर होत्या. फक्त त्यांचं भांडण माणसांपेक्षा परिस्थितीशी जास्त असायचं.

फेब्रुवारीत एके दिवशी हेडमास्तरांनी मला बसायला सांगितलं. आवाज एकदम मऊ. "बाई, होळी झाली की सकाळची शाळा. साडेसातला घंटा. तुम्हाला काही ते जमायचं नाही."

"बघते, गुरुजी."

"कशाला जिवाची एवढी ओढाताण? घर सांभाळा, सुखानं राहा. राजीनामा लिहून देता का? मजकूर मी सांगतो."

"मजकूर मला येतो, गुरुजी," मी म्हणाले. "लिहायचा नाही, एवढंच."

हे बोलून मी ताठ मानेनं बाहेर पडले. पण गाव मागं पडल्यावर एका बाभळीखाली बसून मी पोटभर रडले. साडेसातला पोचायचं तर अंधारातच निघायला हवं होतं, आणि मग पाणी कुणी भरायचं?

घरी आत्या भाकरी थापत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "सायकल हाय की."

सायकल होती. नवऱ्यानं सोलापूरला जाताना तेलपाणी करून, सीटला पोतं गुंडाळून कुडाला टेकवून ठेवलेली, दांडीची, मोठी, पुरुषी सायकल.

"आत्या, मला सायकल येत नाही."

"मला तरी कुठं खडी फोडाया येत हुती?"

"त्यांना विचारायला नको?"

"म्या त्येला इचारून जल्माला घातलं का?" आत्या म्हणाल्या. विषय संपला.

गावात शिकायची सोय नव्हती. सगळा गाव गोळा झाला असता. गावाबाहेर निजामाच्या काळातलं तळं होतं, त्या साली पार आटलेलं. लोक बांधावर यायचे, तळाकडं बघून कपाळाला हात लावायचे आणि परत जायचे. खाली कुणी उतरत नव्हतं. आम्ही रविवारी उतरलो. बांधाजवळ हात जाईल एवढ्या भेगा होत्या, शिंपल्या पडल्या होत्या. पण वरच्या अंगाला, जिथलं पाणी आधी आटलं होतं, तिथं गुरांच्या पायांनी जमीन तुडवून फरशीसारखी झाली होती. आत्यांनी मला त्यांचं लुगडं नेसवलं, कासोटा घट्ट खोचला आणि कॅरेज धरून मागं उभ्या राहिल्या.

"सोडू नका, आत्या!"

"न्हाय सोडत. तू पाय मार."

मी पाय मारले. सायकल डावीकडं गेली, मी उजवीकडं. आत्यांनी खरंच कॅरेज सोडलं नाही, त्यामुळं त्याही फरफटत आल्या आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडलो. माझं कोपर सोललं. त्यांच्या तोंडात माती गेली. ती थुंकून त्या म्हणाल्या, "एक बरं हाय. हितं बुडायची भीती न्हाय." आणि तळ्याच्या तळाशी, रणरणत्या उन्हात, आम्ही दोघी लोळून हसलो. कितीतरी महिन्यांनी मी तशी हसले असेन.

बांधावर एक धनगर उरलेल्या दोन शेरडांना घेऊन उभा होता. तो ओरडला, "काय काय बगाया लागतंय ह्या दुस्काळात!"

"बग की!" आत्या खालून ओरडल्या. "बगायला पानी लागत न्हाय!"

चार रविवार आणि मधल्या कितीतरी संध्याकाळी आम्ही तिथं काढल्या. गुडघे फुटले, हँडल वाकलं, मडगार्डला पोचा आला. मधेच कामावर आत्यांच्या अंगठ्यावर हातोडा बसला, नख काळंनिळं झालं. तो आठवडा वाईट गेला. घरातलं सगळं माझ्यावर आलं, मी त्यांच्यावर विनाकारण खेकसले, त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फडक्यानं बांधलेला अंगठा वर धरून त्या स्वतःच दारात उभ्या राहिल्या. "चल. एका हातानं धरती." त्या संध्याकाळी तोल सापडला. वळून बघितलं तर आत्या पार लांब राहिल्या होत्या आणि बांधलेला अंगठा हवेत नाचवत होत्या. ज्या जागेकडं बघून लोक रडत होते, तिथं मी गोल गोल फिरत होते. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

एकच गोष्ट राहिली होती. मला उतरता येत नव्हतं. दांडीवरून पाय काढायचा म्हटलं की भीती वाटायची. एखादा धोंडा किंवा ओटा बघून त्यावर पाय टेकायचा, तेव्हाच सायकल थांबायची.

होळी झाली. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आत्यांनी मुकादमाला सांगून उशिरा यायची परवानगी काढली. "पानी म्या बगती. तू जा." आणि निघताना म्हणाल्या, "त्या गावात चावडी लागंल. तुजे सासरे जल्मभर तिथं सायकलवरनं उतरून चालत गेले. हात जोडून. तू उतरू नको."

तसा नियम आता कुणी बोलून दाखवत नव्हतं. पण आमची माणसं अजूनही तिथं उतरत होती. काय करायचं हे वाटेत ठरवू, असं मी मनाशी म्हटलं. वाट मात्र खडीच्या ढिगांमधून सायकल सांभाळण्यातच संपली. वेस आली, चावडी आली. ओट्यावर पाच-सहा माणसं पानतंबाखू खात बसलेली. त्यांनी माना वर केल्या. आता खरं सांगते. त्या क्षणी मी घाबरून उतरले असते. पण उतरणार कशी? जवळ धोंडा नव्हता. ओटा होता तो त्यांच्या पायाखाली. मी जोरजोरात घंटी वाजवली, कोंबड्या फडफडत पळाल्या आणि मी चावडीवरून सरळ पुढं गेले, ती थेट शाळेच्या ओट्याला पाय टेकला तेव्हाच थांबले. घंटा व्हायची होती. हेडमास्तर दारात उभे होते. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग सायकल, मग मला.

मधल्या सुट्टीत चावडीवरची तिघं शाळेत आली. त्यातल्या म्हाताऱ्यानं मला न विचारता हेडमास्तरांना विचारलं, "गुरुजी, ही काय रीत झाली? बाईमाणूस, सायकलवर बसून, चावडीपुढनं?"

हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले, "अहो, बाई नवशिक्या आहेत. उतरता येत नसेल अजून. काय बाई, असंच ना?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. आणि ते खरंही होतं! नुसती मान हलवली असती तरी सगळे हसले असते, प्रकरण तिथंच मिटलं असतं. मी म्हणाले, "नाही गुरुजी. उतरता येतं. उतरणार नाही."

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "असं?"

"व्हय, बाबा. शाळेला उशीर होतो."

ते गेले. मी वर्गात जाऊन फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, बराच वेळ नुसता फळा पुसत राहिले. आयुष्यात मी फार खोटं बोललेली नाही. पण ते खोटं मला अजून प्यारं आहे. त्या संध्याकाळी मी घरी न जाता आधी तळ्यात गेले आणि अंधार पडेस्तोवर फक्त उतरायचं शिकले. धोंड्याशिवाय, ओट्याशिवाय. न उतरणं माझ्या मर्जीचं व्हायला आधी उतरता यायला पाहिजे होतं.

पुढं त्रास झाला. आठवड्यातून एकदा तरी शाळा सुटताना चाकात बाभळीचा काटा निघायचा, आणि शाळेच्या आवारात बाभळ नव्हती. पहिल्यांदा मी सायकल ढकलत दोन कोस आले. नंतर पिशवीत ठिगळं, सोल्युशन आणि कानस ठेवायला लागले. हवेचा पंप वर्गातली पोरं कुणाकडून तरी मागून आणायची. पंक्चर शोधायला पाणी लागतं. ते कुठलं असायला? मी ट्यूबवर थुंकी लावून बुडबुडा शोधायचे. शाळा सुटल्यावर आवारात मधोमध बसून, सगळ्यांना दिसेल असं, गाणं गुणगुणत ठिगळ लावायचे. गाणं येत होतं म्हणून नव्हे. काटा टोचणाऱ्याला ऐकू जावं म्हणून. महिनाभरानं काटे बंद झाले. हजेरीपटावरच्या फुल्या त्याआधीच बंद झाल्या होत्या. एके दिवशी माझ्या टेबलाखाली हवा भरायचा पंप दिसला. कुणी ठेवला ते मी विचारलं नाही, हेडमास्तरांनी सांगितलं नाही.

आता लोक मला म्हणतात, तुम्ही बाई सगळं किती हसतखेळत घेतलंत. मला ते कौतुक पटत नाही. मी हसतखेळत काही घेतलं नाही. राग होता माझ्या पोटात, भरपूर. पण पाणी गेलं, पीक गेलं, एसटी गेली. आता तोंडावरची कळाही दुष्काळाच्या आणि या लोकांच्या हवाली करायची, हे मला मंजूर नव्हतं. सकाळी उठून वेणी घालायचे, तीही हट्टानंच.

एप्रिलमध्ये जयंतीला नवरा घरी आला. पत्रानं त्याला कळवलं होतं, पण पत्रात पोचे दिसत नाहीत. त्यानं सायकलीभोवती एक फेरी मारली. हँडलवर हात फिरवला, मडगार्ड बघितलं. मी दारात उभी.

"काय बगतुस?" आत्या आतून म्हणाल्या. "वापरायची चीज हाय ती."

दोन दिवस पाहुण्यारावळ्यांत गेले. तिसऱ्या दिवशी त्याला फाट्यावरून सोलापूरची गाडी धरायची होती. त्यानं पिशवी उचलली, सायकल बाहेर काढली, माझ्या हातात दिली आणि स्वतः मागं कॅरेजवर बसला. शेजारपाजारच्या बायका दारात आल्या. तो त्यांच्याकडं बघून हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

माणूस मागं बसला की सायकल वेगळीच चालते. पहिल्या चढाला मला दम लागला. "उतरू का?" तो म्हणाला. "गप बसा," मी म्हणाले. वाटेत खडी फोडणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या, कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. ती आत्यांनीच मारली, असं नंतर कळलं.

गाडी आली. खिडकीत बसल्यावर त्यानं डोकं बाहेर काढलं.

"चेनला तेल घाल गं. करकर करतीय."

मी सायकल वळवली.