पांढऱ्या केसांचा भुंगेरा

मोहरीच्या दाण्याएवढाही नाही, पण या भुंगेऱ्याने मला पार दमवलं. गणेशपुरीला जांभळाखालचा कुजका पाला चाळला, तेव्हा तो सापडला. चाळण सुनेची, पिठाची. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे तेव्हाची तरुण मी त्या पाल्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. ती मी म्हणजे फार मोठ्या बाई! कडक इस्त्रीची साडी नेसून वर्गात सांगायच्या, "नवी प्रजाती शोधायची तर घनदाट जंगलात घुसावं लागतं." सहलीत पायाला जळू चिकटली, तर किंचाळत एसटीत जाऊन बसल्या त्या, आणि सगळं जंगल काचेतून बघितलं.

आता निवृत्तीनंतर कंबर धरून वर्णन लिहीत होते. स्पर्शिकांचे खंड मोजायचे, चित्र काढायचं, चुकलं की परत काढायचं. डोळ्यांत सारखं पाणी. पण माझ्या भुंगेऱ्याच्या पाठीवर लांब पांढरे केस होते, आणि त्याच्या माहीत असलेल्या भाईबंदाला ते नव्हते. म्हणून हा नवा. नावही 'पांढऱ्या केसांचा' असंच ठरवलं होतं. लेख दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता.

संध्याकाळी सून मानकोलीच्या गोदामातून ड्युटी करून आली. टेबलावरचा माझा चष्मा पुसायला उचलला आणि थांबली.

"आई, तुमच्या किड्याचे केस चष्म्यालापण आलेत."

"दमून आलीस ना? मग चेष्टा कसली करतेस?"

"बघा तरी."

चष्माच मायक्रोस्कोपखाली धरला. पांढरे, लांब, टोकाशी वळलेले. तेच! आमच्या खिडकीमागे दिवसरात्र लूम चालतात. सुताचे तंतू इथे ताटातल्या भातावरही येऊन बसतात. भुंगेरे डिंकाने कार्डावर चिकटवून मी त्याच खिडकीत वाळवले होते. जन्मभर भिवंडीत रोज सकाळी टेबलावरून पुसलेली ती धूळ, आणि मी तिचं शास्त्रीय वर्णन केलं होतं.

साबणाच्या कोमट पाण्यात बुडवल्यावर केस गेले. टकला भुंगेरा हुबेहूब त्या जुन्या भाईबंदासारखा दिसायला लागला. आता एकच खूण उरली होती, नराचं जननांग. जुन्याचं सरळ असतं. याचंही सरळ निघालं तर सगळी मेहनत कचऱ्यात.

सुनेने टॉर्च धरला, तोंड मात्र दुसरीकडे.

"आई, या वयात काय काय बघताय!"

"तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस म्हणजे झालं."

सुईने पोट उकललं. आतला भाग विळ्यासारखा वाकडा होता. परत बघितलं. वाकडाच.

म्हणजे हा नवाच. त्या इस्त्रीवाल्या बाईंनी एव्हाना आळीभर पेढे वाटले असते. मला खुर्चीतून उठवेना.

"मग आता नाव काय ठेवणार? टकल्या?"

"आधी चहा दे. आणि ती खिडकी लाव."

खिडकी लागली तशी खोलीत उकडायला लागलं. पाठीचं चित्र फाडलं, नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीत लिहिलं: पाठ गुळगुळीत, केस नाहीत. स्वयंपाकघरात सून पीठ चाळत होती. चाळणीचं आज सांगावं असं वाटलं होतं. राहू दिलं.