दाराआडची काठी

कमलमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत पेशींचं पाणी बदलत होते. पाणी म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव. मावशीला समजावं म्हणून मी त्याला पाणी म्हणायचे, मग तोच शब्द तोंडात बसला. हातमोजे काढून फोन घेतला तो तिच्या शेजारच्या सुलभाताईंचा. "झोपेतच गेल्या गं," एवढंच त्या म्हणाल्या. याला आता महिना उलटून गेला.

कॉलेजसाठी पुण्यात आले ती थेट मावशीच्या कर्वेनगरच्या घरी. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मावशी पायमशीनवर ब्लाउज शिवायची. दुपारभर तो आवाज चालायचा आणि त्याची मला इतकी सवय झाली की मशीन थांबलं की पुस्तकातून डोकं वर यायचं. पुढे मी कूर्चेवर, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत गादीवर, संशोधन करू लागले आणि त्याच सुमाराला मावशीचे गुडघे कुरकुरू लागले. एक दिवस तिने विचारलं, दूध वाढवू का? मी उत्साहाने शिकवायलाच बसले. कूर्चेच्या पेशी कोलॅजेन बनवतात, त्याच्या धाग्यांवर ती गादी टिकते आणि भोवतीच्या पाण्यात कॅल्शियम किती आहे यावर त्यांचं काम बरंच अवलंबून असतं. पेशी वाढवायच्या आमच्या बशांमध्ये ते एका मर्यादेपलीकडे वाढवलं की पेशी हे कोलॅजेन बनवायला आळस करायच्या. मावशीने सुईत दोरा ओवत सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पेशींनाही पथ्य असतं म्हणायचं. आता माझ्या दुधाचं सांग."

मी म्हटलं, दूध हाडांसाठी जरूर पी, पण पेल्यातलं कॅल्शियम आणि बशीतलं वेगळं. रक्तातलं प्रमाण शरीर आपलं आपण सांभाळतं. मग गुडघ्यांसाठी काय घेऊ, हा तिचा पुढचा प्रश्न. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं, त्याला ती तयार नव्हती. मी तिला काठी आणून दिली. इतक्या वर्षांच्या शिक्षणाची मजल काठीपर्यंत गेली, याची तेव्हाही लाज वाटली होती, पण ती पचली.

पचली, कारण मावशी जिन्यात भेटेल त्याच्यापुढे मला उभी करायची. ही आमची भाची, गुडघ्यांवर शोध लावतेय, आता औषध आलंच म्हणून समजा. औषध अजून फार लांब आहे असं मी कधी म्हटलं नाही. ऐकायला गोड वाटायचं. मी तोवर प्रयोगशाळेजवळ राहायला गेले होते. भेटायला गेल्यावर काठी वापरतेस ना, असं विचारलं की "रोज" म्हणायची आणि दाराआडून काढून दाखवायची.

गेल्या आठवड्यात घर आवरायला गेले. सुलभाताईंचेही गुडघे दुखतात, म्हणून काठी त्यांनाच देऊ केली. त्यांनी ती उलटी करून बघितली. खालचं रबर दुकानातून आणल्यासारखं कोरं होतं.

"टेकलीच नाही गं त्यांनी कधी," त्या म्हणाल्या. "भिंत धरून, आडव्या पायांनी जिना उतरायच्या. मी किती भांडले. तर म्हणायच्या, लोक म्हणतील दिव्याखाली अंधार. माझ्यापायी पोरीची शोभा नको."

भाजीची पिशवी घेऊन ते दोन मजले ती रोज चढली-उतरली, ती माझी अब्रू सांभाळत. आणि मी तिला ती सांभाळू दिली, गोड मानून.

सुलभाताईंसाठी मी नवी काठी आणली. मावशीची मात्र आता प्रयोगशाळेत माझ्या टेबलाशेजारी उभी असते. परवा एका सहकाऱ्याने विचारलं, कुणाचे गुडघे दुखतात? मावशीचे, मी म्हटलं. हातमोजे चढवले आणि पेशींचं पाणी बदलायला घेतलं. रबराच्या तळावरच्या चौकड्या अजून जशाच्या तशा आहेत.