न जुळलेला आकडा

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. सकाळी फोन वाजला, पलीकडे गजानन होता. "निर्मलाताई, बाई गेली..." एवढंच बोलून तो थांबला. कुसुमला, म्हणजे आपल्या मोठ्या बहिणीला, तो बाईच म्हणायचा. मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. 

कुसुम सार्वे मोहाडी तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या गावची. घरी धानाची शेती होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत भंडाऱ्याच्या आमच्या सरकारी ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, गच्चीवर उपग्रहाची पांढरी छत्री बसली आणि त्या कामावर कुसुमची नेमणूक झाली. शेजारच्या टेबलावर मी टायपिंग करायची. चप्पल दाराबाहेर काढून आत जायचं, धूळ चालायची नाही, याचं आम्हाला हसू यायचं. कामात मात्र कुसुम हसायची नाही. आपलं मशीन छत्रीवाटे दूरच्या शहरातल्या मोठ्या मशीनशी बोलायचं, पण आधी परवलीचा शब्द द्यावा लागे. शिवाय प्रत्येक संदेशाच्या शेवटी एक आकडा यायचा. दर महिन्याला लाखबंद पाकिटातून गुप्त संख्यांची यादी येई. त्यातली एक संख्या आणि संदेशातली अक्षरं मिळून तो आकडा तिकडे निघायचा, आणि तोच इकडेही निघायला हवा. निघाला तर संदेश त्यांचाच, आणि वाटेत कुणी किंवा कशानं त्यात बदल केलेला नाही. "त्याले आपली खात्री पाहिजे अन् आपल्याले त्याची," ती म्हणायची. पाच वर्षं मी तिच्या हातभर अंतरावर बसले, पण त्या यादीतली एक संख्यासुद्धा तिनं मला कधी कळू दिली नाही.

त्यातल्याच एका पावसाळ्यात नदीच्या वरच्या भागात चार दिवस धार लागली होती. नदीकाठची गावं घाईघाईनं रिकामी करून माणसं उंचावरच्या शाळेत आणली होती. गुरं मागंच राहिली. गजाननची बैलजोडीही गोठ्यात बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी तो भर पावसात सायकल मारत ऑफिसात आला. पुराचा मोठा लोंढा गावांपाशी कधी पोचणार, याची सारं ऑफिस वाट पाहत होतं. बाराच्या सुमारास संदेश उतरला... लोंढा सात वाजता पोचेल. साहेबांनी कागद वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पाचपर्यंत गड्यांना गावात सोडू, गुरं आणि धान्य काढून आणतील, म्हणून त्यांनी जीप काढायला सांगितली.

कुसुमनं कागद सोडला नाही. शेवटचा आकडा जुळत नव्हता. तिनं तो पुन्हा काढून पाहिला, तरी नाही. दुसऱ्यांदा मागवायला गेली, तर जोडणीच तुटली. साहेब चिडले. एका आकड्यासाठी शंभर माणसांची गुरं मारायची का, असं त्यांनी विचारलं. ती उभी राहिली, आवाज अजिबात चढवला नाही. "साहेब, हा कागद तिकडून निघाला तसाच आला, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला पाठवायचं असेल तर पाठवा, पण तपासला म्हणून मी सही करणार नाही." तिच्या सहीशिवाय जबाबदारी घ्यायला साहेबही धजावले नाहीत, जीप हलली नाही. साहेब येरझाऱ्या घालत राहिले.

गजानन दारातच उभा होता. पावसानं निथळत होता. त्याला एवढंच कळलं होतं, की बहिणीच्या हातात कागद आहे.

"बाई, पाणी कवा येते ते तुले ठाऊक हाय. काहून सांगून नाही राहिली?"

"मले ठाऊक नाही, गजा."

"कागद तर हाय हातात."

"हाय. पण खरा का खोटा, मले ठाऊक नाही. तू हलू नको इथून."

पावणेदोन तास ती जोडणीसाठी धडपडत होती. शब्द द्यायची, थांबायची, पुन्हा द्यायची. तिच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. गजानन भिंतीशी उकिडवा बसून तिच्या पाठीकडे बघत होता. पावणेदोनला मशीननं उत्तर दिलं, संदेश नव्यानं आला, आकडा जुळला. लोंढा तीन वाजता पोचणार होता. वाटेत तीनचा सात झाला होता.

कुणालाच गावात सोडलं नाही. तीनच्या आधीच गावाचा रस्ता पाण्याखाली गेला. माणूस एकही गेला नाही, पण गोठ्यातल्या बांधल्या गुरांना कोण सोडणार... गजाननची जोडी गेली.

लोकांनी कुसुमचं कौतुक केलं. तिला ते ऐकवत नसे. गजाननचं म्हणणं होतं, त्याच वेळी सांगितलं असतं तर बाराला निघून तीनच्या आत बैल घेऊन परतलो असतो. त्याच्या हिशेबात चूक काढता येत नव्हती. एकदा मी तिला तेच बोलून दाखवलं. ती म्हणाली, "सात सांगितलं असतं तर तो पाचपर्यंत धान काढत बसला असता. मी त्याले ओळखते." मग म्हणाली, "पण जोडी मी मारली, हे त्याचं खरं हाय." वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही. राखीला ती त्याच्याकडे गेली, त्यानं हात पुढे केला, राखी बांधून घेतली, शब्द काढला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो आपणहून ऑफिसात आला आणि तिच्या टेबलासमोर उभं राहून त्यानं विचारलं, पाणी किती हाय. तिनं कागद तपासला आणि सांगितलं.

गावात फोन आल्यावर उलटं सुरू झालं. पावसाळ्यात रोज सकाळी गजानन घाटावर जाऊन पाणी बघायचा आणि कुसुमला फोन करून सांगायचा. ती निवृत्त झाली, गुडघे गेले, तरी यात खंड पडला नाही. त्यानं सांगितलेलं ती शब्द न् शब्द परत म्हणायची आणि तो "बराबर" म्हणाला की मगच फोन ठेवायची.

तिच्या तेरवीनंतर आठ दिवसांनी, पाऊस लागलेला असताना, सकाळी माझा फोन वाजला. गजानन होता. नमस्कार नाही, काही नाही. "घाटाच्या चार पायऱ्या उघड्या हायेत. पाणी गढूळ हाय, चढून नाही राहिलं." आणि तो थांबला. मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी म्हटलं, "घाटाच्या चार पायऱ्या उघड्या आहेत. पाणी गढूळ आहे, चढत नाही."



"बराबर," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.