बंद मागांचा हॉल

"देखो बेन, कितनी शांति है," शेठ म्हणाले. खरंच शांतता होती, कारण सुरतजवळ कडोदऱ्याच्या त्या कापडाच्या कारखान्यात एकही माग चालत नव्हता. त्या भागाची वीज आठवड्यातून एक दिवस बंद असायची आणि शेठनी मला नेमकं त्याच दिवशी बोलावलं होतं.

नव्वदच्या दशकात मी सुरतच्या एका धर्मादाय दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. म्हणजे माणूस आणि त्याची कामाची जागा जुळते का, हे बघणारी. या कारखान्यात प्रकाश बॉबिन भरायचा, म्हणजे मागासाठी रिळांवर सूत गुंडाळायचा. काम चोख. पण मागांचा खडखडाट असह्य झाला की कान दाबून बाहेर पळायचा. आज अशांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. तेव्हा लोक सरळ 'मेंटल' म्हणत. शेठ त्याला काढायच्याच बेतात होते. त्याच्या आईने हातापाया पडून एवढंच पदरात पाडून घेतलं की दवाखान्याचा रिपोर्ट आला तर बघू.

"मना पोऱ्या आयशी नही शे, बाई," ती मला म्हणाली होती. आळशी नाही तो. घर त्याच्याच पगारावर चालत होतं.

"माग चालू असताना येते, शेठ," त्या शांत हॉलमध्ये मी म्हटलं.

"हॉल तो वही है ना, बेन? दीवार वही, पंखा वही."

राग गिळून परतले. मग एक दिवस न सांगता गेले. शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागत होतं, पायाखालची फरशी थरथरत होती. प्रकाश खांदे कानांपर्यंत चढवून बसला होता. मी सुपरवायझरला विचारून त्याला मागच्या गोडाऊनमध्ये नेलं आणि सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, रंगांप्रमाणे लावायला दिले. मध्ये जाड भिंत होती. थोड्या वेळात त्याचे खांदे उतरले.

"मी आते आठेच बसू का?" त्याने विचारलं. आता इथेच बसू का. मला फार बरं वाटलं.

मी लिहिलं की हॉल याला मानवत नाही, गोडाऊन मानवतं, तिथे बदली करावी.

शेठनी शांतपणे वाचलं. "गोदाम में तो घर का आदमी बैठता है, बेन."

ती तिथली रीतच. चोरी नको म्हणून सुताच्या गोडाऊनची किल्ली मालकाच्या भाच्याकडे नाहीतर मेव्हण्याकडे. एका माणसासाठी रीत थोडी वाकेल, असं मला वाटलं होतं.

"और हॉल उसको नहीं चलता, ये आपने ही लिखा है. अब रखूँ तो पाप मुझे लगेगा."

त्याच आठवड्यात प्रकाशला काढलं. जाब विचारायला गेलेल्या आईला माझाच रिपोर्ट दाखवला, सहीशिक्क्यासकट. ती थेट दवाखान्यात आली. भांडली नाही.

"तुमी खरंच लिखं, बाई. मंग आते त्याले कोठे बसाडू?"

त्या शेठचा मला अजूनही संताप येतो.

अजूनही जागा तपासायला बोलावणी येतात. मी आधी एकच विचारते, खोट निघाली तर बदलणार कोण, जागा की माणूस? मालक उत्तर टाळू लागला की चहा पिते आणि निघते. लिहून काही देत नाही.