मामांच्या आवाजाचा भोंगा

आमचं रान रेणापूरच्या पुढं, तलावाच्या कडेला. हिवाळा लागला की तलावावर जंगली हंस उतरायचे. राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. हिमालय ओलांडून येतात म्हणे. येईनात का, पण एवढं ओलांडून आल्यावर त्यांना माझाच हरभरा बरा दिसायचा! उजाडायच्या आत पन्नासेक जण बांधावरून आत.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फुटतं, खुडायला बाया लावाव्या लागतात, हे पाव्हणे फुकट खुडून राहिले, तुझं काय जातंय? मी म्हणायचे, बाया शेंडा खुडतात, तुमचे पाव्हणे मुळासकट ओढतात. मामा हसायचे आणि पाखरांना दिसू नये म्हणून हातातली काठी पाठीमागं धरायचे. बैलालाही कधी शिवी न दिलेला माणूस तो.

एका वर्षी माझं डोकंच फिरलं. लातूरहून ब्याटरीवरचा भोंगा आणला. त्यात आपला आवाज भरून ठेवला की तो दिवसभर ओरडत राहतो. माझा आवाज बारीक, म्हणून मामांच्या मागं लागले. दोन दिवस त्यांनी टाळलं, तिसऱ्या दिवशी सुनेचा शब्द मोडवेना. मला वाटलं, आता चांगले खेकसतील. तर काय म्हणाले?

"उठा बाबांनो, लई झालं, जावा आता."

अशानं कोण उठतंय, म्हणून मी कपाळाला हात लावला.

पण उठले. चार दिवसांत तलावसुद्धा रिकामा झाला. मी खूश. मामा मात्र बांधावर बसून राहिले, हातातला चहा निवून गेला तरी. मग म्हणाले, "माझ्याच तोंडानं घालवलंस गं त्यांना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोंगा तिथल्या तिथं बंद केला. त्या हिवाळ्यात हंस काही फिरकले नाहीत. पुढच्या वर्षी येतील की, असं मी मामांना म्हणत राहिले. आणि आलेही. पण मामा त्याआधीच, पोळ्याच्या सुमाराला गेले.

एका सकाळी हंस हरभऱ्यात चरत होते आणि मला आखाड्यावरच्या, म्हणजे रानातल्या गोठ्याशेजारच्या, खोलीत तो भोंगा सापडला. मला फक्त मामांचा आवाज ऐकायचा होता, दुसरं काही डोक्यातच आलं नाही. बटण दाबलं. मामा बोलले, आणि समोरचा सगळा थवा भर्रकन उठला. भोंगा बंद करून मी त्यांच्यामागं बांधापर्यंत पळत गेले, रडत रडत, नका रे जाऊ म्हणत.

तीन दिवसांनी परत आले बापडे. तेव्हापासून ब्याटरी काढूनच ठेवलीय. हरभरा खातात, खाऊ देत.

वर्षातनं एकदाच ब्याटरी घालते, यळवशीला. त्या अमावस्येला घरोघरची माणसं रानात जेवायला येतात. कडब्याची कोप उभी राहते, पूजा होते, भज्जी आणि आंबील होते. त्या गलक्यात हंस तसेही पाण्याबाहेर येत नाहीत. जेवून सगळे आडवे झाले की मी कोपीत बसते आणि भोंगा अगदी हळू लावते.

"उठा बाबांनो, लई झालं, जावा आता," मामा म्हणतात.

मी काही उठत नाही.