नव्या पाण्याची ओटी
क्लोरिनचा वास आला की मला तो दिवस आठवतो. पाटणजवळच्या आमच्या शेतावर पर्यटकांसाठी बांधलेला पोहण्याचा तलाव त्या दिवशी पहिल्यांदाच भरला होता. काठावर सासूबाईंच्या चपला होत्या, सासूबाई मात्र कुठंच नव्हत्या, आणि पाण्यात मधोमध एक काळं, केसाळ डोकं हलत होतं. मी किंचाळले. नवऱ्यानं कपड्यांनिशी उडी घेतली आणि वर आला तो हातात शेंडीचा नारळ घेऊन. तेवढ्यात मागनं सासूबाई अनवाणी आल्या. "पाण्याची ओटी भरली. उद्या लोकं उतरणार, त्याला सांगाया नगं?" "आवं आत्या, विमा काढलाय की आपण!" मी रडतच म्हणाले. "त्यो विमा, माणूस बुडल्यावर. ह्यो नारळ, माणूस बुडू न्हाई म्हणून." आता विम्याचा हप्ता मीच भरते, नारळही मीच सोडते, आणि तरी काठावर नुसत्या चपला दिसल्या की आधी पाण्यातली डोकी मोजते.