म्हाळसाच्या डिस्कवरची ड्रॉइंगं

म्हाळसा कोकरे इंदापूर तालुक्यातली. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी शेती धरली आणि पोरीला बारामतीत कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. सत्त्याण्णव साली ती बारामती एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लागली. तिथं साखर कारखान्यांच्या आणि डेअऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनत. मालक विजयसिंह यांनी सगळी ड्रॉइंगं स्कॅन करून सीड्यांवर घेतली होती. ती सांभाळायचं काम म्हाळसाकडं आलं.

सीडी शोधायची, आत घालायची, मग ती घरघरत एकेक पान वाचणार. तोवर कारागीर दारात उभे. गळिताच्या हंगामात एखाद्या कारखान्याचा पंप बंद पडला की त्यांचा माणूस मोटारसायकलवरून येऊन डोक्यावर बसायचा. विजयसिंह वैतागून नवा कॉम्प्युटर घ्यायला निघाले. म्हाळसानं त्यांना थांबवलं. फिरून फिरून त्याच थोड्या ड्रॉइंगांना मागणी येते, हे तिनं हेरलं होतं.

"कॉम्प्युटर चांगलाच हाय, साहेब. सीडी मंद हाय. हार्ड डिस्क तिच्यापेक्षा लई पळती. तिच्यावर सगळं मावणार न्हाय, पण नेहमी लागतं तेवढं मावंल."

तिनं प्रोग्राम लिहिला. ड्रॉइंग मागितलं की तो आधी हार्ड डिस्कवर बघायचा. तिथं नसलं तरच सीडी मागायचा आणि वाचता वाचता एक प्रत डिस्कवर ठेवायचा. डिस्क भरली की ज्याला बरेच दिवस कुणी विचारलं नाही, ते पुसायचा. मूळ सीडीवर असायचंच. दारातली गर्दी हटली.

मग एका डेअरीनं आपल्या शाफ्टचं माप बदललं. सुधारलेल्या ड्रॉइंगची सीडी आली, पण डिस्कवर जुनीच प्रत होती आणि प्रोग्रामनं तीच दिली. लेथवरचे जुने टर्नर सावळारामतात्या तयार शाफ्ट घेऊन म्हाळसाकडं आले. बेरिंग बसत नव्हतं. लोखंड वाया गेलं होतं. हे डिस्कचं खूळ बंद करा, असं दोघा-तिघांनी मालकांना सुचवलं. म्हाळसाला वाईट वाटलं, पण ती डगमगली नाही.

"चूक माझी हाय, तात्या. पण रीत चुकीची न्हाय. जुनी प्रत कवा टाकायची, ते मी लिहिलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपतुर थांबा."

तेवढ्या वेळात तिनं दुरुस्ती केली. नवी सीडी आली की तिच्यावरच्या ड्रॉइंगांच्या डिस्कवरल्या जुन्या प्रती आधी पुसल्या जाणार, आणि छापलेल्या कागदावर सुधारणेची तारीख येणार. तात्यांनी नवा कागद घेतला, बेरिंग स्वतः मोजून ताडून पाहिलं आणि लेथ सुरू केली. संध्याकाळी शाफ्ट डेअरीकडं रवाना झाला.

"आता चालू दे तुझं," एवढंच तात्या म्हणाले.

पुढं लोणी देवकरच्या एका कारखान्यानं म्हाळसाला असंच काम करून द्यायला बोलावलं. कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी तिनं तिथल्या साहेबांना विचारलं, ड्रॉइंगात बदल झाला की तो तुमच्याकडं कोण कळवतं?